पळसाच्या फांदीवरचं जेवण

वाटेवर आडवी टाकलेली पळसाची फांदी मी उचलली, तिची पानं तोडली, काडीनं टाचून त्यांची पत्रावळ केली आणि तिच्यावर भाकरी, लसणाची चटणी आणि वांग्याची कोरडी भाजी असं पोटभर जेवले. एवढाच माझा गुन्हा. आज कोणाला सांगितलं तर लोक माझ्या तोंडाकडे बघत बसतात, की बरं, मग पुढं काय झालं? पुढचं सांगतेच. पण ती फांदी पाहून मला काय वाटलं होतं ते आधी सांगायला हवं, कारण खरा मूर्खपणा तिथंच आहे. मला वाटलं, ही माझ्यासाठीच ठेवली आहे! पुढं गेलेल्या बायकांना माझी केवढी काळजी! मास्तरीणबाई मागून येतील, त्यांना भूक लागेल, म्हणून हिरवीगार फांदी तोडून अगदी वाटेच्या तोंडाशी ठेवून गेल्या बिचाऱ्या.

बावीस वर्षांची होते. मॅट्रिक पास होते आणि नागपूरची होते. जगानं आपली सोय बघावी असं वाटायला एवढं पुरतं.

परवा माझी नात मला म्हणाली, “आजी, तू त्या काळात ट्रेकिंग करायचीस?” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ट्रेकिंग म्हणे! तिचे ते बूट, पाठीवरची ती पिशवी, पिशवीतून तोंडापर्यंत आलेली ती पाण्याची नळी. अगं, आम्ही बाजाराला जात होतो. मीठ, तेल, वाती आणि मिळाली तर सुकी मासळी आणायला. तिला ‘जंगल बघायला’ जायचं असतं. जंगल काय बघायचं? आमच्याकडे जंगलच तुम्हाला बघायचं, आणि बघून झालं की आपल्या कामाला लागायचं.

तेव्हा सगळा मिळून चांदा जिल्हा होता. चंद्रपूर हे नाव नंतरचं, आणि गडचिरोली ही त्यातलीच एक तहसील. आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या चैत्रातली ही गोष्ट. माझे यजमान शाळामास्तर. गाव धानाचं, शे-सव्वाशे घरांचं. गावापलीकडे बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, बांध्यांपलीकडे नाला, नाल्यापलीकडे आठ-दहा घरांचा गोंडांचा टोला, आणि टोल्याच्या मागून जंगलात शिरणारी पायवाट. ती अडीच कोसांनी बाजाराच्या गावाला निघायची. गाडीरस्ता मात्र जंगलाला वळसा घालून जायचा, सहा कोस. गावातल्या बायका बुधवारी पाटलाच्या बैलगाडीतून बाजाराला जायच्या. टोल्यावरच्या बायका पायवाटेनं.

त्याच्या आदल्या वर्षी एका बुधवारी माझी गाडी चुकली. चुकली म्हणजे काय, मी वेणी घालत बसले होते. सासूबाईंचे गुडघे धरलेले, घरात मीठ नाही. मी तडक टोल्यावर गेले आणि म्हटलं, मला तुमच्याबरोबर न्या. टोल्यावरच्या बायकांची पुढारी एक म्हातारी होती. हातभर उंच म्हणावी इतकी लहान, पाठीत थोडी वाकलेली. तिनं माझ्या चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “चालता येते का?”

मला भारी राग आला. चालता येतं का म्हणजे? पण परत येताना पायाला चार फोड होते, चप्पल हातात होती, आणि मी ठरवून टाकलं होतं की आयुष्यात परत त्या बैलगाडीत बसायचं नाही.

त्या वाटेत काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडायची. कुसुमाची नवी पालवी अशी लाल, की लांबून फुलंच वाटावीत. मोहाखाली राखेचे काळे गोल असायचे, कारण फुलं वेचायला सोपं जावं म्हणून बायका आधी पाचोळा जाळून घेत. पण हे सगळं नातीलाही दिसतं, ती त्याचे फोटो काढते. मला आवडायचं ते वेगळंच होतं. वाट इतकी अरुंद की एकीमागे एक असंच चालावं लागे. घरात मी सून होते, शाळेच्या आवारात मास्तरीण होते, विहिरीवर ‘नागपूरवाली’ होते. वाटेवर मी रांगेतली पाचवी होते. माझ्या पुढे चार पाठी आणि मागं कोणी तरी गुणगुणणारी. पाचव्या बाईनं डोक्यावर पदर घेतलाय की नाही हे कोणी बघत नाही. कोणी म्हणून बघत नाही!

वर्षभर मी दर बुधवारी गेले. सासूबाई कुरकुरल्या, यजमान हसले, पण मीठ वेळेवर येत होतं.

आता त्या फांदीकडे येते.

टोल्यावरच्या बायका दोन खेपांनी निघत. म्हातारी आणि तिच्या बरोबरीच्या तीन-चार जणी दिवस उगवताना. घरचं पाणी-चूल उरकून तरण्या बायका मागाहून. कोणी कोणासाठी थांबायचं नाही अशीच रीत. अर्ध्या वाटेवर एक मोठा खडक होता, तिथं वाट फुटायची. खालची नाल्याकाठानं, जवळची. वरची टेकडीवरून, लांबची. एरवी सगळ्या खालूनच जात. पण पुढं गेलेल्यांना खाली काही वावगं दिसलं, तर त्या परत फिरून पानांसकट एक फांदी खालच्या वाटेवर आडवी टाकत आणि वरून जात. मागच्यांनी ती पाहायची आणि वर वळायचं. बस. पाटी नाही, राखणदार नाही. टोल्यावरची चार वर्षांची पोरसुद्धा ती ओलांडत नसे.

मला कोणी हे सांगितलं नव्हतं. त्या वर्षभरात तशी वेळच आली नव्हती. यावरून मी कित्येक महिने मनातल्या मनात तणतणले आहे. सांगायला नको? नव्या माणसाला सांगायला नको? पण चुलीत हात घालू नकोस असं तरी कोणी कोणाला सांगतं का!

त्या बुधवारी मी पहिल्या खेपेबरोबर निघाले आणि मागं पडले. मागं पडले कारण मला कुसुमाची पालवी बघायची होती. म्हणजे नातीचं रक्त कुठून आलं ते उघडच आहे. खडकापाशी पोचले तेव्हा भूक लागली होती, आणि समोर ती फांदी. पळसाची कोवळी, रुंद, तीन-तीनच्या झुबक्यातली पानं. पत्रावळ टाचायला मला त्या बायकांनीच शिकवलं होतं आणि त्या विद्येचा मला केवढा अभिमान! मी खडकावर बसले, सगळी पानं खुडली, दोन पत्रावळी केल्या. एकीवर जेवले, दुसरीत उरलेली भाकरी बांधून घेतली. उघडा दांडा उचलून झुडपात भिरकावला. वाट स्वच्छ केली. हो, मला तेही वाटलं, की मी वाट स्वच्छ केली!

मग वरून बायकांचं बोलणं ऐकू आलं म्हणून मी वरच्या वाटेनं गेले. कशामुळे वाचले, तर त्या बायका मोठ्यानं बोलत होत्या म्हणून. अकलेचा त्यात काही वाटा नाही.

बाजारात दुपार झाली तरी दुसरी खेप आली नाही. आली तेव्हा चौघीही रिकाम्या डोक्यानं आल्या. चारोळी, चिंच, वाळवलेला मोह, सगळ्या टोपल्या नाल्यात टाकून आल्या होत्या. खालच्या वाटेवर अस्वलाची मादी दोन पिल्लांसह बसली होती. सकाळी म्हातारीनं पाहिली होती तीच. चौघी तिच्यावर जाऊन आदळल्या आणि दगडांवरून पळाल्या. म्हातारीची सून पडली. दोघींच्या खांद्यावर हात टाकून ती आली तेव्हा तिचा पाय घोट्यापासून भलतीकडे वळला होता.

म्हातारी म्हणाली, “फांदी दिसली नाई का तुमाले?”

“फांदी नोहती ना, बाई,” सून म्हणाली. “वाट मोकळी होती.”

“मी माह्या हातानं टाकली.”

“नोहती.”

मी तिथंच उभी होते. माझ्या हातात पळसाच्या पानांचं पुडकं होतं, ताजं, हिरवंगार, आणि त्याच्या फटीतून भाकरीचा तुकडा बाहेर डोकावत होता. म्हातारीची नजर त्या पुडक्यावर आली. तिथंच थांबली. मग तिनं सुनेच्या पायाकडे पाहिलं आणि पाण्याला कोणाला तरी पाठवलं.

मॅट्रिक पास बाईला त्या क्षणी एक वाक्य जुळवता आलं नाही. पाटलाची गाडी उभी होती, तिच्यात चढले आणि घरी आले.

ते पुडकं मी गाडीतून खाली टाकलं, कोणाला दिसणार नाही असं बघून. अशा बाबतीत माझी अक्कल बरोबर चालत असे.

आणि मग गावानं जे केलं त्यानं मला आजही संताप येतो. बाजाराची बातमी गाडीबरोबरच गावात पोचली, आणि सासूबाईंनी ती हातात घेऊन, वळून, थापून आपल्या आकाराची केली. विहिरीवर त्या सांगत होत्या, “मी म्हनलंच होतं. त्या बायांच्या भरवशावर पाठवाची का सून? अस्वल दिसलं, तशा पळाल्या साऱ्या माह्या सुनेले एकटीले टाकून. नशीब म्हनून वाचली पोरगी.”

ज्यांचा पाय मोडला, ज्यांची चारोळी नाल्यात गेली, त्या पळपुट्या. आणि पोटभर जेवून, वारा खात, वरच्या वाटेनं गेलेली मी, बिचारी वाचलेली! गावातल्या बाया च्च च्च करत मला पाहायला आल्या. कोणी लिंबू उतरवून टाकलं. एकीनं पोह्याचा लाडू दिला. माझी नणंद चिमूरकडे दिली होती. तिथं ही गोष्ट पोचेपर्यंत अस्वलं तीन झाली होती आणि मी झाडावर चढले होते.

आणि मी तो लाडू खाल्ला. मी एकदाही म्हटलं नाही, की सासूबाई, तसं नाही. यजमानांनी एकदा विचारलं, “नेमकं काय झालं गं?” मी म्हटलं, “मला आठवत नाही, मी घाबरले होते.” आठवत नाही! वांग्याच्या भाजीत मीठ कमी होतं हेसुद्धा मला आठवत होतं.

पुढचे सात-आठ महिने मी गाडीनं बाजाराला गेले. सहा कोस. धूळ खात, आदळत, पाटलीणबाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून, आणि सगळा रस्ता ‘जंगलच्या बाया कशा’ याच्यावर प्रवचन ऐकत. त्यांनी जंगलच्या बायांबरोबर पाच पावलं टाकली नव्हती. मी वर्षभर टाकली होती, आणि मी गप्प. गाडी जंगलाच्या कडेनं जाताना सागाच्या पानांचा वास यायचा. मला ती वाट हवी होती. दुसरं काहीही नको होतं, वाट हवी होती. पण वाट टोल्यावरून जायची, म्हातारीच्या अंगणातून जवळजवळ. वाघाची भीती नव्हती, अस्वलाची नव्हती. अंगणाची होती.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी निघाले. मनाशी एक मोठं शुद्ध भाषण पाठ केलं होतं. त्यात ‘अनवधानाने’ हा शब्द दोनदा होता. बांध्या ओलांडल्या. नाल्यापाशी आले. पलीकडे टोल्यातला धूर दिसला, कोणी तरी काही तरी बडवत असल्याचा आवाज आला. मी वाळूत बसले. पाय धुतले. परत धुतले. मग काठच्या बोरीची हिरवी, दगडासारखी बोरं ओटीत भरली आणि घरी आले.

सासूबाई बोरं चिवडून म्हणाल्या, “पिकाच्या आधीच तोडली काऊन?”

पुढच्या आठवड्यात परत गेले. या वेळी नाल्यावर थांबायचंच नाही म्हणून धावतच उतरले आणि धावतच चढले, त्यामुळे अंगणात पोचले ती धापा टाकत. म्हातारी कुळथाच्या शेंगा बडवत होती. हातात चांगली लांब काठी. मी तिच्या काठीच्या टप्प्याबाहेर उभी राहिले. खोटं कशाला सांगू!

तिनं मान वर न करता म्हटलं, “आज आली का इथवर? मागच्या खेपेले नाल्यावरूनच वापस गेली तू.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुयी चप्पल उमटली होती वाळूत. या साऱ्या नाल्यात चप्पल घालून पाय कोन धुते?”

ओसरीवर सून सुपात काही निवडत होती. ती हसली. तिचा एक पाय अजून लांब पसरलेला होता. चारोळी सरली, तेंदूपानांचा हंगाम सरला, मोहाची टोळंबी, म्हणजे तेलाच्या बिया, सरली, आणि ती पोर बसून होती. ते मला तिथं उभं राहिल्यावर कळलं. गाडीत बसून मला सागाचा वास तेवढा कळला होता.

मी भाषण सुरू केलं. “बाई, त्या दिवशी माझ्याकडून अनवधानाने...”

“काय म्हनते वो ही?” म्हातारीनं सुनेला विचारलं.

“माफी मांगून राह्यली, वाटते,” सून म्हणाली.

मग मी भाषण सोडलं आणि म्हटलं, “फांदी मी उचलली. तिच्या पानांवर जेवले. मला माहीत नव्हतं.”

“ते त मले त्याच दिशी समजलं,” म्हातारी म्हणाली आणि काठी एकदा जोरात हाणली. शेंगा उडाल्या. “फांदीचं सोड. फांदी त ढोरंबी खाते. ढोराले कोनी बोलते का? त्याले का समजते?”

मी मुकाट्यानं ढोर झाले. बरंच वाटलं. वाटलं, सुटले.

“पन ढोर,” ती म्हणाली, आणि आता तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, “ढोर गावात जाऊन सांगत नाई, का टोल्याच्या बाया मले टाकून पळाल्या म्हनून.”

“मी नाही सांगितलं, बाई! ते सासूबाईंनी...”

“तू कुठी होती तवा?”

“तिथंच.”

“मंग?”

सून हळूच म्हणाली, “बाई, तिले पानी त देऊ द्या.” म्हातारीनं पाणी दिलं. मी पिऊन घेतलं आणि तरीही म्हटलंच, कारण माझा स्वभाव मोठा चिवट, “मला परत वाटेनं यायचं आहे, तुमच्याबरोबर.”

“वाट का माह्या बापाची हाय? जा ना. कोन धरून राह्यलं तुले?” ती शेंगांकडे वळली. “पन आमी मागं अन् तू समोर, असं नाई जमत. मागच्याले समोरच्याचा भरोसा लागते.”

मी घरी आले ती रागानं धुमसत. म्हातारीचा राग नव्हे. माझा राग, सासूबाईंचा राग, त्या लाडूचा राग. आणि शूरवीर मी, तरीही दीड महिना गप्प बसले. उद्या सांगीन, परवा सांगीन. सांगायला काही तरी निमित्त हवं ना! जसं काही खरं बोलायलाही मुहूर्त लागतो.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. पंधरा-वीस बाया ओसरीवर. चिमूरची नणंद आली होती, तिला ती गोष्ट मुळातून ऐकायची होती, आणि सासूबाई मोठ्या हौसेनं सांगायला बसल्या. “...अन् त्या बाया अशा पळाल्या...” माझ्या हातात कुंकवाचा करंडा होता. मी कोणाच्या कपाळाला बोट लावत होते ते आठवत नाही. मी तसंच बोट धरून म्हटलं, “त्या पळाल्या नाहीत. मी पुढं होते. वाट बंद आहे म्हणून त्यांनी फांदी टाकली होती, ती मी उचलली आणि तिच्या पानांवर जेवले. माझ्यामुळे त्या अस्वलावर गेल्या. त्यांच्यातल्या एकीचा पाय मोडला तो माझ्यामुळे.”

मी मनाची तयारी केली, की आता कोणी तरी म्हणेल, अरेरे, त्या पोरीचा पाय कसा आहे? आणि पाटलीणबाईंनी तोंड उघडलं.

“पानं धुतली नाई?” त्या म्हणाल्या.

“काय?”

“तशीच, न धुता? रस्त्यावरची? त्याच्यावर जेवली तू?”

“आन खरकटं कुठी टाकलं?” दुसरी.

मला वाटलं, तो करंडा उचलून भिंतीवर फेकावा. एका बाईचा पाय, चौघींची चारोळी, नऊ महिन्यांची बदनामी, आणि यांना धक्का बसला तो मी न धुतलेल्या पानांवर जेवले याचा! सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, त्याही खोटेपणासाठी नव्हे, चारचौघीत त्यांचं बोलणं तोडलं म्हणून. यजमानांना रात्री जेवताना सांगितलं तर ते ठसका लागेपर्यंत हसले आणि म्हणाले, “मॅट्रिकला वाचनाचा पेपर नसतो का गं?” मी त्यांना त्या दिवशी ताक वाढलं नाही.

पण गोष्ट गावात फिरली ती या वेळी माझ्या तोंडची फिरली. पाटलाच्या घरी दूध घालायला येणाऱ्या गवळणीकडून ती नाल्यापलीकडे गेली असणार.

पुढच्या बुधवारी मी दिवस उगवायच्या आधी उठले. शाल लपेटली. गाडी जुंपणारा पाटलाचा गडी ओरडला, “मास्तरीनबाई, पानं धुऊन घ्या बरं!” मी वळून पाहिलं नाही. नाल्यात चप्पल काढून हातात घेतली, वाळूत खूण उमटू नये म्हणून. आणि अर्ध्यात आल्यावर लक्षात आलं की आता लपायचं कोणापासून आहे? चप्पल परत घातली, चांगली दाबून पावलं टाकली.

टोल्यावर बायका निघायच्याच होत्या. म्हातारीची सूनही होती, काठी घेऊन. एवढं लांब तिला जमेल का असं मी विचारणार होते, पण माझ्या तोंडून आता काही शहाणपणा निघू नये असं वाटलं. म्हातारीनं मला पाहिलं, आणि ‘ये’ म्हणाली नाही की ‘जा’ म्हणाली नाही. हातानं दाखवलं, तिच्या मागं. दुसरी. मी पाचवी मागायला आले होते, मला दुसरी दिली. ती बढती आहे की नजरेखाली ठेवणं आहे, हे मला कळलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही.

सागाची पानं तशीच मोडत होती. दवानं थोडी नरम पडली होती. मी काही बघितलं नाही. कुसुम नाही, मोह नाही, फक्त समोरची ती लहानशी वाकलेली पाठ. खडकापाशी आलो. खालून कुऱ्हाडींचे आवाज येत होते. त्या वर्षी खालच्या अंगाला जंगलखात्याचा कूप तुटत होता, सागाची झाडं उतारावर आडवी होत होती. म्हातारी थांबली. कमरेचा कोयता काढून माझ्या हातात दिला.

“टाक,” म्हणाली.

मी एक डहाळी तोडली. ती बघून सून म्हणाली, “हे का? हे त शेळी जाता जाता खाऊन टाकन.” मग मोठी तोडली. खालच्या वाटेवर ठेवली. म्हातारीनं पायानं ती जरा सरळ केली, या काठापासून त्या काठापर्यंत, फट राहू न देता. आम्ही वरच्या वाटेला लागलो.

दहा पावलं गेले आणि मी मागं पाहिलं. फांदी होती. आणखी दहा पावलं, परत पाहिलं. दिसत होती. वळणावर मी टाचा उंच करून, मान लांब करून बघत होते, तेव्हा रांग माझ्यामागे अडली आणि पुढून म्हातारीचा आवाज आला, मान न वळवता:

“मागं काऊन पाहून राह्यली वो, मास्तरीनबाई? चाल समोर. तुह्यावानी भुकेली दुसरी कोनी नाई या जंगलात.”